गयाबाईचे टमाटे

अक्का,

तुमच्या तेरवीला दादा टमाट्यांवर बोलत होते.

जेवणं उरकली होती. मांडवात पुरुष माणसं सुपारी चघळत बसली होती आणि तुमचे मालक, माझे मोठे दीर, टोपी मांडीवर ठेवून सांगत होते, "म्या बियाणं कधी जमिनीत टाकत न्हाई. ट्रेमधी टाकतो. वरून बारीक जाळी. बियाला औषध चोळल्याबिगर तर हातच लावत न्हाई." ऐकणारे माना हलवत होते. सेनगावाहून आलेले शेतकीचे साहेबसुद्धा. मी उष्ट्या पत्रावळ्या उचलत होते. जाळी हा शब्द कानावर पडला. पत्रावळ्या तिथंच टाकल्या, गोठ्यामागं गेले आणि ओकले. बायका म्हणाल्या, जावेचं लई लागलं हिच्या मनाला. लागलं होतंच. पण ती ओकारी दुःखाची नव्हती, अक्का. किळस आली होती मला.

मांडवात एकच माणूस मान हलवत नव्हता. हिंगोलीच्या मार्केटातले बागवान चाचा, ज्यांच्या गाळ्यावर आपला माल जायचा. ते पार कडेला बसले होते. दादांचं बोलणं थांबल्यावर म्हणाले, "माल तुमच्या गाडीत यायचा दादा, बराबर. पर कॅरेट ती भरायची. वर मोठे आन खाली बारके, असं तिनं एक डाव केलं न्हाई. म्या कव्हा उलथून बघितलं न्हाई तिचं कॅरेट." मग ते उठले, चपला घातल्या आणि निघाले. दादा म्हणाले, "व्हय, भरायला व्हती ना ती." आणि पुन्हा ट्रेवर आले.

भरायला होती. तेरा दिवसांत तुमच्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं वाक्य हे.

तुम्हाला लिहून काय उपयोग, असं कुणीही म्हणेल. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तिसरीतून काढलं होतं तुम्हाला. पण आपल्या दोघींचं सगळं वाचण्यातूनच तर सुरू झालं. मी या घरात नवी आले तेव्हा बारावी पास म्हणून सासूबाई चारचौघींत सांगायच्या आणि घरात आल्यावर शेणाची पाटी हातात द्यायच्या. माझ्या बारावीचा उपयोग या घरात फक्त तुम्ही केलात.

एकदा गावच्या शाळेत शेतकऱ्यांना टमाट्याचं प्रशिक्षण होतं. पुरुष सतरंजीवर, आपण दोघी मागं चुलीवर चहाला. साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. चहा दोनदा उतू गेला, कारण तुमचं लक्ष पडद्यावर होतं. जाताना सगळ्यांना एकेक रंगीत पत्रक मिळालं. दादांनी त्यांचं पत्रक घडी करून खिशात घातलं आणि घरी आल्यावर त्यावर तंबाखू मळली. तुम्ही ते झटकून, पदराला पुसून माझ्याकडं आणलंत.

"अने, वाच."

"आता? भाकरी राहिल्या की."

"भाकरी म्या टाकते. तू वाच."

मी चुलीपाशी बसून वाचत गेले. बियाला किती औषध, दोन झाडांत किती अंतर, फवारल्यावर किती दिवस थांबायचं. तुम्ही भाकरी थापता थापता प्रत्येक ओळीला विचारायच्या, "काहून?" पत्रकात 'करावे' लिहिलं होतं, काहून ते लिहिलं नव्हतं. मी म्हणायची, मला काय ठाऊक. तुम्ही म्हणायच्या, "बरं, मंग आपुन बघू."

आणि तुम्ही बघितलंत. दोन ओळी पत्रकासारख्या, दोन ओळी दादांच्या मनासारख्या. दादांना सांगितलं, औषध पुरलं न्हाई म्हणून दोन ओळी तशाच राहिल्या. पहिल्या वर्षी टमाट्यात झेंडूची ओळ लावली, म्हणजे फळात शिरणारी अळी टमाटे सोडून झेंडूवर जाईल. तर झेंडू उशिरा फुलला आणि अळीनं तोवर टमाटे पोखरले. दादा आठ दिवस हसत होते. "आता देवाला हार करा," म्हणायचे. दुसऱ्या वर्षी तुम्ही झेंडूची रोपं टमाट्याच्या अगोदर पंधरा-वीस दिवस टाकली. दोन्ही एका वेळी फुलावर आले. एका सकाळी तुम्ही मला हाताला धरून नेलं आणि झेंडूचं एक फूल उकलून दाखवलं. आत हिरवी अळी. एवढा आनंद मी तुमच्या तोंडावर तुमच्या पोरीच्या लग्नातही बघितला नव्हता.

तुमचं आणि दादांचं खरं भांडण लागलं ते घरच्या ओळीवरून. ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही. घरातली घाण घरात, असं आपल्याला शिकवलेलं.

विहिरीच्या बाजूची एक ओळ घरच्या खाण्यासाठी होती. तिच्यावर दादा फवारा मारायचे नाहीत. बाकीच्या प्लॉटवर मात्र संध्याकाळी फवारा मारायचा आणि सकाळी माल तोडून गाडीत भरायचा. तुम्हाला पत्रक पाठ होतं. एका सकाळी तुम्ही कॅरेटच्या समोर उभ्या राहिलात.

"काल फवारलं. आठ दिवस तोडायचा न्हाई ह्यो माल."

"सरक."

"लोकाईची लेकरं खातील ना."

"तुझी लेकरं खाऊन राहिली का? न्हाई ना? मंग सरक."

हे वाक्य मी विहिरीवर धुणं धुताना ऐकलं. किती साधेपणानं म्हणाले ते. रागानंसुद्धा नाही. जेवायला वाढ म्हणावं तसं. माणूस वाईट नाही म्हणतात ना दादांना, गावात सगळे म्हणतात. त्या दिवसापासून त्यांच्या ताटात वाढताना माझा हात आखडायचा.

गाडी गेली. तुम्ही घरी आला नाहीत. मी बघायला गेले तर तुम्ही घरची ओळ मुळासकट उपटत होतात. फळांनी लगडलेली, बिनफवारलेली झाडं. घामानं पाठ भिजलेली. मी ओरडले, "अक्का, येड लागलं का?"

"आता घरातले बी त्याच्यातलेच खातील," तुम्ही म्हणालात. "बघू दे मंग कव्हा तोडतेत ते."

त्या संध्याकाळी दादांनी ताट भिंतीवर फेकलं. तुम्ही भिंत पुसलीत आणि दुसरं ताट वाढलंत. दुसऱ्या दिवशीही भाजी त्याच फवारलेल्या प्लॉटातली. तुम्ही सगळ्यांच्या आधी खायला बसलात. मग मीही बसले. तिसऱ्या दिवशी दादांनी नातवाच्या ताटातून टमाट्याची फोड काढून टाकली. मला ती फोड अजून दिसते. त्यानंतर फवारणी झाली की आठ दिवस तोडणी बंद.

आणि पुढल्या वर्षी, अक्का, आपल्या प्लॉटवर साहेब आले तेव्हा दादा त्यांना म्हणाले, "आमी घरचं आन बाजाराचं येगळं करत न्हाई. जे लोकाईला, तेच आमच्या लेकराईला." साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही झाडं सुतळीला बांधत होतात. तुमचे हात क्षणभरही थांबले नाहीत.

मग ती विद्यापीठातली पोरगी आली. छापील कागदांचा गठ्ठा घेऊन, शेतकऱ्यांना टमाट्याचं किती ज्ञान आहे आणि त्यातलं किती ते वापरतात, हे विचारायला. पोरगी चांगली होती. तिनं उंबऱ्याआड बसलेल्या तुमच्याकडं बघून म्हटलंसुद्धा, "मावशी, तुम्हीपण बसा ना बाहेर." दादा म्हणाले, "तिचं काय काम? तुमी इचारा."

"बीजप्रक्रिया करता?"

"करतो ना."

"कशाची?"

दादा छताकडं बघायला लागले. दाराआडून तुमचा आवाज आला, "ट्रायकोडर्मा." पोरीनं लिहिलं. रोपं किती दिवसांची लावता? दाराआडून, "पंचवीस." माशीसाठी पिवळे चिकट सापळे किती? दाराआडून. निंबोळी अर्क कसा करता? तो तर तुम्ही अख्खा सांगितलात, निंबोळ्या वेचण्यापासून फडक्यातून गाळण्यापर्यंत. पोरगी खाली मान घालून लिहीत राहिली. दादा मधून मधून "व्हय, बराबर" म्हणत राहिले. शेवटी तिनं विचारलं, "घरातल्या बायका शेतीत मदत करतात का?"

"करतेत ना. तोडणीला येतेत."

मी चहा घेऊन उभी होते. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मला वाचता येत होतं, तिच्या कागदावर वर दादांचं नाव लिहिलेलं दिसत होतं. मी बशा ठेवल्या आणि आत आले. दादांबद्दल मला जी किळस वाटते, तिच्यातला एक घास माझ्याही वाट्याचा आहे, तो त्या दिवसाचा.

पोरगी जाताना म्हणाली, "काका, खूप चांगली माहिती आहे तुम्हाला." त्याच हंगामात हिंगोलीला दादांचा सत्कार झाला. प्रगतशील शेतकरी. शाल, नारळ, चौकटीतलं प्रमाणपत्र. त्या दिवशी तोडणी होती. तुम्ही आणि मी प्लॉटवर होतो.

मी तुम्हाला टोचून टोचून विचारलं, "काहून गप बसल्या?"

"म्या कुठं गप बसले? सगळं म्याच तर सांगितलं."

"आन नाव त्याईचं लागलं."

"लागू दे. मला काय शाल पांघरून खुरपायचं हाये?"

तुम्ही हसलात आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुमी बायको न्हाईत त्याईची. बिनपगारी गडी हायत. आन तुमाला त्येच आवडते." तुम्ही हसायचं थांबलात. माझ्याकडं बघितलंत, कॅरेट उचललंत आणि गेलात. चार दिवस बोलला नाहीत. पाचव्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "अने, खालची पानं काढायची राहिली, चल." मी गेले. आपण पानं काढली. मी ते वाक्य परत घेतलं नाही. पुढं कधीतरी घेऊ असं वाटत राहिलं. दोन वर्षं वाटत राहिलं.

यंदा दसऱ्यानंतर तुम्ही ट्रे भरले. बी टाकलं, उगवलं, वरून जाळी ताणली. पांढरी माशी रोपावर बसली की व्हायरस देते, आणि एकदा दिला की कुठलं औषध चालत नाही, हे तुम्ही मला दर वर्षी नव्यानं सांगायच्या. मग तुम्हाला ताप आला. अंगावर काढलात. हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही मला ओळखत होतात, बाकी फार काही कळत नव्हतं.

"ट्रेवर जाळी हाये ना?"

"हाये, अक्का."

नव्हती. आपण दवाखान्यात निघालो त्याच दिवशी दादांनी ती काढून वाळत घातलेल्या सोयाबीनवर टाकली होती, कोंबड्या येतात म्हणून. मी बघितलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही डोळे मिटलेत, बरं वाटलं असेल तुम्हाला. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आला नाहीत. म्हणजे तुम्ही कानावर घेऊन गेलात ते शेवटचं माणसाचं बोलणं माझं आहे, आणि ते खोटं आहे. याला काय करू मी?

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी दादांनी तीच रोपं लावली. तिसऱ्या आठवड्यात पहिलं झाड दिसलं मला. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलेली, पिवळट, झाड खुंटलेलं. मी ओळी फिरून मोजली, अकरा झाडं. अकराच. तुम्ही असतात तर त्याच पावली उपटून, टोपल्यात झाकून, खड्ड्यात पुरली असतीत आणि कदाचित बाकीचा प्लॉट वाचला असता. मला ते येत होतं. मी अकराही झाडं तशीच ठेवली आणि घरी आले.

दोन दिवसांनी दादा माझ्याकडं आले. हातात एक वळलेलं पान. चौदा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला काहीतरी विचारायला माझ्या खोलीच्या दारात उभा होता.

"अनिता, हे असं काहून होऊन राहिलं? ती काही बोलली व्हती का तुला?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले. "तुमी परगतशील. दुकानदाराला इचारा."

ते गेले. दुकानातून बाटल्या आणल्या, फवारल्या. चार दिवसांनी दुसऱ्या बाटल्या आणल्या. मी रोज विहिरीवर जाता-येता बघत होते. अकराची चाळीस झाली, मग मोजणं सोडलं. तुम्ही म्हणाल, रोपं माझ्या हातची होती गं अने, त्याईनं काय केलं तुझं? खरं आहे. दादांचं नाक कापायला म्हणून मी तुमचीच झाडं मरू दिली. मला वाटलं होतं गोड वाटेल. तोंडात नुसती कडू चव होती, फवाऱ्याचं वारं अंगावर आल्यासारखी.

काल शिवारफेरी होती. कळमनुरीकडचे शेतकरी गाडी करून प्रगतशील शेतकऱ्याचा प्लॉट बघायला आले. साहेबांनी बेत आधीच ठरवला होता, तो त्यांना मोडवला नाही. सगळे बांधावर उभे. समोर खुंटलेली, गुंडाळलेली झाडं, फळ नाही. दादा म्हणाले, "घरची लक्षुमी गेली. मंग माझं लक्ष न्हाई राहिलं शेतात." साहेबांनी मान खाली घातली. पुरुषांनी च् च् केलं. तुमच्या मरणाचासुद्धा उपयोग करून घेतला, अक्का. स्वतःच्या अज्ञानावर तुमचंच पांघरूण घातलं.

मागं तीन बायका होत्या. त्यातली एक पुढं झाली, वाकून पान बघितलं आणि हळूच म्हणाली, "पहिली दिसली तवाच उपटली काहून न्हाईत?"

दादांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी घड्याळाकडं. मी म्हणाले, "त्याईला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक व्हतं. म्या सांगितलं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "इथं जे काही व्हतं ते माझ्या जावेनं केलेलं व्हतं. ट्रे, झेंडू, निंबोळी, फवारून थांबणं, सगळं. गयाबाई नाव व्हतं तिचं. ह्या माणसानं तिच्या ट्रेवरची जाळी काढून कोंबड्या हाकलल्या, आन म्या बघत बसले."

साहेब म्हणाले, "बरं, बरं. दुःखात बोलतं माणूस. चला, पुढच्या गावाला उशीर होईल." लोक गाडीकडं वळले. दोघं जण हसत होते. ती बाई मात्र थांबली. "झेंडू किती दिस आगूदर टाकायच्या त्या?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं बोटांवर दिवस मोजले, पुन्हा एकदा म्हणून दाखवले, आणि गाडीच्या हॉर्नवर पळत गेली.

मग मी पदर खोचला आणि उपटायला लागले. पहिली ओळ झाली तेव्हा दादा आले. मला वाटलं, मारतात आता. त्यांनी उपटलेलं एक झाड उचललं. म्हणाले, "तिला ठाऊक असायचं सगळं."

"हे मघाशी काहून न्हाई बोलले?"

मग ते वाकले आणि शेजारची ओळ उपटायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही अक्का, मला त्यांची कणव आली नाही. अजून नाही आली. उपटलेली झाडं त्यांनी कवेत घेतली आणि बांधावर टाकायला निघाले. मी क्षणभर तशीच उभी राहिले. बांधापलीकडं शेजाऱ्याची मिरची फुलावर होती.

"तिथं टाकू नका," मी म्हणाले. "रोग मिरचीला जाईल. खड्ड्यात टाका, वर माती लोटा."

तुम्ही सांगायच्या तसं मायेनं नाही सांगितलं मी. पण सांगितलं.